सायन्स कॉलेजातून उभी राहिलेली संस्था
मेघनाद साहा, त्यांचे कागद आणि कलकत्त्यातील अणुकेंद्रीय भौतिकी

११ जानेवारी १९५० रोजी कलकत्त्यात इरेन ज्योलिओ-क्यूरी यांच्या हस्ते ‘इन्स्टिट्यूट ऑफ न्यूक्लियर फिजिक्स’ या संस्थेचे उद्घाटन झाले. कृत्रिम किरणोत्सर्गाच्या शोधासाठी १९३५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या या विदुषी मादाम क्यूरींच्या कन्या. संस्थेची नवी इमारत कलकत्ता विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात उभी होती. १९४८ च्या २१ एप्रिलला श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी तिची कोनशिला बसवली होती. आज ही संस्था साहा इन्स्टिट्यूट ऑफ न्यूक्लियर फिजिक्स या नावाने ओळखली जाते.

तिचा इतिहास मात्र १९५० च्या बराच आधी सुरू होतो. विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात अणुकेंद्रीय भौतिकी आणली, त्या विषयासाठी एक विद्यार्थी अमेरिकेला धाडला, यंत्रासाठी देणग्या मागितल्या आणि या साऱ्यातून संस्था वाढली. संशोधन आणि अध्यापन एकाच छपराखाली राहिले पाहिजे ही त्या प्राध्यापकाची ठाम धारणा होती, आणि संस्थेच्या जडणघडणीतला प्रत्येक महत्त्वाचा निर्णय त्या धारणेतून निघाला. हे आज आपण खात्रीने सांगू शकतो, कारण मेघनाद साहांनी लिहिलेले आणि त्यांना आलेले कागद पुष्कळ प्रमाणात टिकले. म्हणून संस्था, माणूस आणि कागद या तिन्हींची हकिकत येथे एकत्र मांडली आहे.

शेवडातलीचा विद्यार्थी

मेघनाद साहांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या शेवडातली या खेड्यात झाला. वडील जगन्नाथ साहा यांचे किराणा मालाचे छोटे दुकान होते आणि घरात आठ मुले. गावात प्राथमिक शाळेपुढे शिक्षणाची सोय नव्हती. पुढची शाळा सिमुलिया गावी, दहाएक किलोमीटरवर. तेथील डॉक्टर अनंतकुमार दास यांनी मुलाला आपल्या घरी ठेवून घेतले, म्हणून त्याचे शिक्षण चालू राहिले.

१९०५ साली शिष्यवृत्ती मिळवून ते ढाका कॉलेजिएट शाळेत आले. बंगालच्या फाळणीविरुद्धच्या आंदोलनाचे ते दिवस होते. गव्हर्नर फुलर यांच्या भेटीवर विद्यार्थ्यांनी बहिष्कार घातला. त्यात सामील झाल्याबद्दल मेघनादला शाळा सोडावी लागली, शिष्यवृत्तीही गेली. दुसऱ्या शाळेतून ते शिकले आणि १९११ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. तेथे जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय हे शिक्षक होते आणि सत्येंद्रनाथ बोस वर्गमित्र. बी.एस्सी. आणि एम.एस्सी. या दोन्ही परीक्षांत सत्येंद्रनाथ पहिले आले, मेघनाद दुसरे.

याच काळात ईडन हिंदू हॉस्टेलमध्ये त्यांना जातीवरून वेगळ्या पंगतीला बसवले गेले. हा अपमान ते आयुष्यभर विसरले नाहीत. बुद्धी असूनही समाजाने दाराबाहेर ठेवलेल्या मुलांसाठी विद्यापीठ उघडे असले पाहिजे, हा त्यांचा आग्रह पुढच्या प्रत्येक कामात दिसतो.

छपाईचा खर्च आणि ताऱ्यांचे वर्णपट

सर आशुतोष मुखर्जी यांनी तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष यांच्या देणग्यांतून १९१४ साली युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ सायन्स उभे केले. भारतीय पैशातून भारतीय अध्यापकांनी चालवलेले हे पदव्युत्तर विज्ञान महाविद्यालय. १९१६ साली साहा आणि बोस येथे व्याख्याते झाले. शिकवता शिकवता दोघांनी नवी भौतिकी आत्मसात केली. आइन्स्टाइन आणि मिंकोव्स्की यांच्या सापेक्षतेवरील मूळ जर्मन निबंधांचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद कलकत्ता विद्यापीठाने १९२० साली प्रसिद्ध केला.

प्रयोगशाळा जवळजवळ रिकामी होती. तरीही प्रकाशाचा दाब निवडक अणूंवर कसा पडतो यावर साहांनी १९१७ च्या सुमारास एक लेख लिहून अमेरिकेतील ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’कडे पाठवला. लेख मोठा होता आणि छपाईच्या खर्चातला वाटा लेखकाने द्यावा असे संपादकांनी कळवले. तुटपुंज्या पगाराच्या व्याख्यात्याला ते शक्य नव्हते. लेख अखेर विद्यापीठाच्या स्वतःच्या नियतकालिकात छापला गेला आणि परदेशी अभ्यासकांच्या नजरेत फारसा आला नाही. ही हकिकत आपल्याला कळते ती साहांनी बऱ्याच वर्षांनी खगोलशास्त्रज्ञ प्लॅस्केट यांना लिहिलेल्या पत्रामुळे. ते पत्र टिकले नसते तर एका तरुण भारतीय शास्त्रज्ञाचे अग्रहक्काचे म्हणणे त्याच्याबरोबरच संपले असते. शास्त्रज्ञाचे खासगी कागद का जपावेत याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण नाही.

१९२० साली ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये सूर्याच्या वर्णगोलातील आयनीभवनावरचा त्यांचा लेख आला आणि खगोलभौतिकीला नवे हत्यार मिळाले. प्रश्न असा होता : सूर्याच्या वरच्या, विरळ थरात आयनीभूत कॅल्शियमच्या रेषा इतक्या ठळक का दिसतात? साहांनी आयनीभवन ही एक रासायनिक अभिक्रिया मानली. कॅल्शियमचा अणू त्याचा आयन आणि इलेक्ट्रॉन यांत विभागतो, त्याला सुमारे ६.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, आणि या अभिक्रियेचा समतोल तापमान व दाब या दोन गोष्टींवर ठरतो. दाब कमी असेल तर सुटलेला इलेक्ट्रॉन पुन्हा जोडला जाण्याची शक्यता घटते, म्हणून विरळ थरात आयन अधिक सापडतात. या एका समीकरणाने ताऱ्याचा वर्णपट पाहून त्याचे तापमान सांगता येऊ लागले.

सूर्यप्रकाशात रुबिडियमच्या रेषा दिसत नाहीत, कारण ते सहज आयनीभूत होते. तुलनेने थंड अशा सौरडागांत त्या दिसायला हव्यात, असे साहांनी भाकीत केले. हेन्री नॉरिस रसेल यांना त्या तशा सापडल्या. पुढे १९२५ साली सिसिलिया पेन यांनी याच समीकरणाच्या आधारे तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे असल्याचे दाखवले.

या कामाच्या सुमारास साहांना युरोपला जाता आले ते प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीच्या बळावर. मुंबईचे हे व्यापारी मराठी वाचकाला राजाबाई मनोऱ्यामुळे परिचित आहेत. मुंबई विद्यापीठाला मनोरा देणाऱ्या या दात्याने कलकत्ता विद्यापीठालाही १८६६ साली दोन लाख रुपये दिले होते. मुंबईच्या कापूस-व्यापारातला पैसा अर्धशतकानंतर शेवडातलीच्या मुलाला लंडनमधील आल्फ्रेड फाउलर आणि बर्लिनमधील वाल्टर नेर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळांत घेऊन गेला.

अलाहाबादची पंधरा वर्षे

परतल्यावर काही काळ कलकत्त्यात प्राध्यापकी करून १९२३ साली साहा अलाहाबाद विद्यापीठात गेले. तेथे शिकवण्याचे ओझे मोठे आणि साधने थोडी. तरी वर्णपटविज्ञानाची शाळा त्यांनी उभी केली. दौलतसिंह कोठारी यांच्यासारखे विद्यार्थी तेथूनच पुढे आले. १९२७ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. बी. एन. श्रीवास्तव यांच्यासह त्यांनी लिहिलेले उष्णताशास्त्राचे पाठ्यपुस्तक भारतभरच्या महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले.

अणुकेंद्राकडे त्यांचे लक्ष येथेच वळले. १९३२ साली चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला आणि भौतिकीचे केंद्र बदलले. १९३३ साली साहा आणि कोठारी यांनी बीटा किरणांच्या उगमाविषयी ‘नेचर’मध्ये टिपण प्रसिद्ध केले. १९३६ साली प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या वस्तुमानाचा विचार करताना साहांनी चुंबकीय एकध्रुवाविषयीची डिरॅक यांची अट एका सोप्या, वेगळ्या वाटेने काढून दाखवली.

संस्था उभारण्याची हातोटीही याच वर्षांत दिसू लागली. १९३० साली त्यांनी अलाहाबादला विज्ञान अकादमी काढली. जानेवारी १९३४ मध्ये मुंबईत भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. त्या व्यासपीठावरून त्यांनी अखिल भारतीय विज्ञान अकादमीची गरज मांडली आणि पुढच्याच वर्षी कलकत्त्यात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेस ऑफ इंडिया स्थापन झाली. १९३५ सालीच ‘सायन्स अँड कल्चर’ हे मासिक सुरू झाले. नद्यांचे पूर, वीज, उद्योग आणि शिक्षण यांवर त्यांनी त्यात अथक लिहिले. दामोदर नदीच्या १९४३ च्या महापुरानंतर खोऱ्याच्या नियोजनाचा त्यांनी मांडलेला आराखडा त्यातच आला. १९४८ साली स्थापन झालेल्या दामोदर खोरे महामंडळामागच्या विचारात त्या लेखनाचा वाटा मोठा आहे.

पालित प्राध्यापक

१९३६-३७ मध्ये परदेश प्रवासात साहांनी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे अर्नेस्ट लॉरेन्स यांची प्रयोगशाळा पाहिली. तेथे सायक्लोट्रॉन चालत होता. प्रबळ चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये एक निर्वात कक्ष आणि त्यात इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन पोकळ विद्युतअग्रे. कक्षाच्या मध्यभागी सोडलेले विद्युतभारित कण चुंबकीय क्षेत्रात गोल फिरतात, अग्रांमधली फट ओलांडताना दर वेळी त्यांना धक्का मिळतो आणि ते वाढत्या वर्तुळांत फिरत शेवटी मोठ्या ऊर्जेने बाहेर पडतात. रेडियमसारख्या नैसर्गिक उगमावर अवलंबून न राहता अणुकेंद्रावर मारा करण्याची सोय या यंत्राने झाली. असे यंत्र भारतात हवेच, हे साहांनी तेव्हाच पक्के केले.

१९३८ च्या जुलैत ते कलकत्त्याला पालित प्राध्यापक म्हणून परतले. या पदावर त्यांच्याआधी चंद्रशेखर वेंकट रामन आणि देवेंद्रमोहन बोस होते. परतताच त्यांनी अलाहाबादचे आपले विद्यार्थी बासंतीदुलाल नागचौधुरी यांना लॉरेन्स यांच्याकडे बर्कलीला पाठवले. यंत्र आणण्याआधी यंत्र समजणारा माणूस तयार करायचा, हा क्रम त्यांनी जाणून निवडला. १९३९ च्या आरंभी युरेनियमच्या भंजनाची बातमी जगभर पोहोचली. १९४० साली कलकत्ता विद्यापीठाच्या भौतिकीच्या एम.एस्सी. अभ्यासक्रमात अणुकेंद्रीय भौतिकीला स्वतंत्र स्थान मिळाले. या संस्थेचा खरा आरंभ या अभ्यासक्रमात आहे, असे मी मानतो.

साहा कलकत्त्याला परतले त्या १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. स्वतंत्र भारताच्या औद्योगिक नियोजनाविषयी साहांनी त्यांच्याशी चर्चा केली आणि जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमली गेली. समितीची पहिली बैठक डिसेंबर १९३८ मध्ये मुंबईत झाली. तिचे सचिव होते मुंबईतील अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शाह. ऊर्जा आणि इंधन उपसमितीचे अध्यक्षपद साहांकडे होते. नेहरूंशी जुळलेल्या या संबंधाचा सायक्लोट्रॉनला थेट उपयोग झाला. त्यांच्या शब्दामुळे मुंबईच्या सर दोराबजी टाटा ट्रस्टने सायक्लोट्रॉनसाठी ६०,००० रुपये दिले.

सायक्लोट्रॉन

१९४१ साली नागचौधुरी पीएच.डी. घेऊन परतले. चुंबकाचे सुटे भाग आणि तांबे कलकत्त्याला पोहोचले. निर्वात पंप दुसऱ्या जहाजावर होते आणि ते जहाज युद्धात बुडाले. सायक्लोट्रॉनमध्ये निर्वात नसेल तर फिरणारे कण हवेच्या रेणूंवर आदळून विखुरतात आणि चुंबक कितीही प्रबळ असला तरी काही उपयोग होत नाही. म्हणून एका जहाजाच्या बुडण्याने प्रकल्प वर्षानुवर्षे मागे गेला.

युद्धकाळात नवे पंप मागवणे अशक्य होते. कलकत्त्यातच ते बनवण्याचे प्रयत्न झाले. विशेष प्रतीचे तेल, काटेकोर यंत्रकाम आणि गळती शोधण्याची साधने यांपैकी काहीच बाजारात मिळत नव्हते. युद्ध संपल्यानंतरही पैसा अपुरा पडत राहिला. जगात याहून मोठी यंत्रे उभी राहत असताना हे लहान यंत्र अपुरेच होते. काहींनी यावरून साहांना दोष दिला. संस्थेच्या इतिहासाकडे पाहताना तो दोष मला न्याय्य वाटत नाही. अवजड उद्योग नसलेल्या वसाहतीत विद्यापीठातल्या मोजक्या माणसांनी कणत्वरक उभारायला घेतला, आणि त्या खटपटीत निर्वात तंत्र, उच्च वारंवारता विद्युत आणि शोधक उपकरणे हाताळणारी एक पिढी तयार झाली. नागचौधुरी पुढे संस्थेचे संचालक झाले, नियोजन आयोगावर गेले, संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार झाले आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे कुलगुरूही.

या काळातले दुसरे धाडस अधिक लवकर फळाला आले. नीरजनाथ दासगुप्ता यांनी पालित प्रयोगशाळेत भारतातील पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बांधला. त्यातून संस्थेत जीवभौतिकीचे काम सुरू झाले आणि काळा आजाराच्या परजीवीची रचना येथे तपासली गेली. अणुकेंद्राच्या संस्थेत जीवशास्त्र आले ते साहांच्या विद्यापीठी दृष्टीमुळे. एका शाखेची उपकरणे दुसऱ्या शाखेच्या प्रश्नांना लावायची, ही सवय एकाच आवारात शिकणाऱ्या माणसांना सहज लागते.

इमारत उभी राहिल्यानंतर संस्थेला स्वतःचे नियामक मंडळ मिळाले, आणि तरीही विद्यापीठाशी तिचे नाते कायम राहिले. एम.एस्सी. झालेल्या तरुणांसाठी एक वर्षाचा विशेष अभ्यासक्रम सुरू झाला. त्यातून देशभरच्या प्रयोगशाळांना आणि महाविद्यालयांना माणसे मिळाली. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचे काम साहांचे पुत्र अजितकुमार साहा यांनी वाढवले. त्यांनी आणि टी. पी. दास यांनी लिहिलेला या विषयावरचा ग्रंथ संस्थेने १९५७ साली प्रसिद्ध केला.

दोन वाटा

भारतीय अणुविज्ञानाच्या इतिहासात साहा आणि होमी भाभा यांच्यातला मतभेद टाळून पुढे जाता येत नाही. भाभांनी १९४४ साली त्याच सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिले आणि १९४५ साली टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च स्थापन झाली, प्रथम बंगळुरात आणि लगेच मुंबईत. १९४८ साली अणुऊर्जा कायदा झाला आणि ऑगस्टमध्ये अणुऊर्जा आयोग नेमला गेला. आयोगावर भाभा, शांतिस्वरूप भटनागर आणि के. एस. कृष्णन होते. साहा नव्हते.

त्यांची भूमिका अशी होती की देशात आधी औद्योगिक पाया आणि प्रशिक्षित मनुष्यबळ तयार व्हावे, हे मनुष्यबळ विद्यापीठांत घडावे आणि अणुसंशोधनावर गुप्ततेचे जाड आवरण नसावे. भाभांना वेग हवा होता. त्यासाठी स्वायत्त, केंद्रित आणि सरकारी पाठबळाची यंत्रणा त्यांनी निवडली. सत्ता आणि निधी त्या बाजूला गेले.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत साहा कलकत्ता वायव्य मतदारसंघातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. १० मे १९५४ रोजी अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर लोकसभेत चर्चा झाली, ती त्यांच्याच पुढाकाराने. एका संशोधकाने सरकारी अणुधोरणाची इतकी बारीक चिकित्सा लोकप्रतिनिधींपुढे केल्याचे दुसरे उदाहरण आपल्याकडे विरळ आहे.

निकाल द्यायचा तर मी असे म्हणेन : तुर्भ्याच्या अणुभट्ट्या भाभांच्या वाटेने उभ्या राहिल्या आणि देशाला त्यांची गरज होती. पण माणसे घडवण्याचा साहांचा आग्रहही बरोबर होता. १९५७ साली तुर्भ्यात प्रशिक्षण शाळा सुरू करावी लागली, हेच त्याचे प्रमाण. विद्यापीठे तोवर दुर्बळ राहिली होती. सर्वोत्तम संशोधन विद्यापीठाबाहेर आणि विद्यार्थी विद्यापीठात ही फाळणी आपल्या उच्च शिक्षणाला आजही भोवते आहे. साहांनी तिचा धोका वेळेवर ओळखला होता.

पंचांग आणि शेवटचा प्रवास

याच वर्षांत त्यांनी एक काम केले, ज्याचा संबंध महाराष्ट्राच्या घराघराशी आहे. १९५२ साली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. देशात त्या वेळी सुमारे ३० पंचांगे चालत होती आणि एकच सण वेगवेगळ्या दिवशी येई. समितीत नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी आणि ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर हे दोन महाराष्ट्रीय अभ्यासक होते. १९५५ साली अहवाल सादर झाला. वर्षारंभ वसंतसंपाताशी जोडणारी आणि शालिवाहन शक वापरणारी राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ ला, सरकारने स्वीकारली. आज सरकारी राजपत्रावर आणि आकाशवाणीच्या निवेदनात शकाची तारीख ऐकू येते, ती या समितीच्या कामामुळे.

ती दिनदर्शिका लागू झालेली पाहायला साहा राहिले नाहीत. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी नवी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे चालत जात असताना हृदयविकाराच्या झटक्याने ते रस्त्यातच कोसळले. वय ६२ वर्षांचे. हातात कागदांचे पुडके होते. त्यानंतर संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

कागदांचा संग्रह

साहांची कागदपत्रे आज मुख्यतः दोन ठिकाणी आहेत. एक मोठा संग्रह दिल्लीत तीन मूर्ती भवनातील नेहरू स्मारक ग्रंथालयाकडे गेला. आता त्या संस्थेचे नाव प्रधानमंत्री संग्रहालय आणि ग्रंथालय असे आहे. दुसरा संग्रह कलकत्त्यात त्यांच्या संस्थेत राहिला. वैज्ञानिक साहांइतकेच नियोजनकार, खासदार आणि शिक्षक साहाही या कागदांत भेटतात, कारण त्यांच्या आयुष्यात या भूमिका वेगळ्या नव्हत्या.

नुसते जतन पुरेसे नसते. कागद वाचकांपर्यंत पोहोचवायला कोणाला तरी आयुष्याची वर्षे द्यावी लागतात. संस्थेतील भौतिकीतज्ज्ञ शांतिमय चटर्जी यांनी ती दिली. त्यांनी संपादित केलेले साहांचे वैज्ञानिक निबंध १९६९ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर संस्थेसाठी त्यांनी साहांचे समग्र लेखन चार खंडांत संपादित केले. त्यातला पहिला खंड १९८२ साली आला. लोकसभेतील भाषणांचे पुस्तक त्यांनी ज्योतिर्मय गुप्ता यांच्यासह १९९३ साली सिद्ध केले. एनाक्षी चटर्जी यांच्यासह लिहिलेले छोटे चरित्र नॅशनल बुक ट्रस्टने छापले, म्हणून ते सर्वसामान्य वाचकाच्या हाती पडले.

या पायावर पुढचे इतिहासकार उभे राहिले. रॉबर्ट अँडरसन यांनी १९७५ साली साहा आणि भाभा यांच्या संस्थाउभारणीचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला आणि २०१० साली ‘न्यूक्लियस अँड नेशन’ हा विस्तृत ग्रंथ लिहिला. आभा सूर यांनी भारतीय विज्ञानातील जात आणि लिंगभाव यांवरील आपल्या ग्रंथात साहांच्या आयुष्याचा नव्याने विचार केला. सायक्लोट्रॉनच्या विलंबामागची कारणे, आयोगाशी झालेले वाद, जातीच्या अनुभवाची सावली, यांवर आज कागद हातात घेऊन बोलता येते. हे कागद नसते तर साहांची ओळख पाठ्यपुस्तकातल्या एका समीकरणापुरती उरली असती आणि संस्थेच्या नावापलीकडे तिच्या जन्माचे कारण कोणाला सांगता आले नसते.

संस्थेची पुढची वाटचाल

साहांनंतर संस्था अणुऊर्जा विभागाच्या अनुदानावर वाढली. तिचा मुख्य परिसर कलकत्त्याच्या बिधाननगरमध्ये गेला. शेजारीच व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर आहे. तेथील मोठ्या सायक्लोट्रॉनमधून १९७७ साली पहिली कणशलाका मिळाली. साहांनी ज्या यंत्रासाठी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली, त्याच कुळातले हे पुढचे यंत्र. १९८७ साली संस्थेत टोकामॅक, म्हणजे आयनद्रायू (प्लाझ्मा) कोंडून ठेवणारे यंत्र, आले आणि आयनद्रायूच्या संशोधनाला बळ मिळाले. आयनद्रायूभौतिकीत साहा समीकरण रोजच्या वापरातले आहे, म्हणून या यंत्राचे येथे असणे उचितच होते.

विकास सिन्हा संचालक असताना जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील ॲलिस प्रयोगात संस्थेने भाग घेतला. त्या प्रयोगासाठी ‘मानस’ ही इलेक्ट्रॉनिक चिप संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आखली आणि ती मोहालीत तयार झाली. झारखंडमधील जादूगुडा येथील युरेनियमच्या खाणीत जमिनीखाली सुमारे ५५० मीटरवर संस्थेने प्रयोगशाळा थाटली आहे. वरच्या खडकामुळे वैश्विक किरण अडतात आणि कृष्णद्रव्याचा शोध घेणे शक्य होते. कलकत्त्यात ३० लाख व्होल्टचा ‘फ्रेना’ कणत्वरकही बसवला आहे. ताऱ्यांच्या पोटात चालणाऱ्या अणुकेंद्रीय अभिक्रिया कमी ऊर्जेवर मोजण्यासाठी तो आहे. ताऱ्यांच्या प्रकाशापासून सुरुवात करून अणुकेंद्राकडे वळलेल्या प्राध्यापकाच्या संस्थेत हे दोन्ही विषय एका प्रयोगशाळेत आले आहेत.

वाचकांना विनंती

कलकत्त्याच्या या संस्थेचा इतिहास सांगता येतो, कारण तिच्या माणसांनी आपल्या संस्थापकाचे कागद फेकून दिले नाहीत. आपल्या महाराष्ट्रातील विद्यापीठांत आणि जुन्या महाविद्यालयांत भौतिकी, रसायन आणि गणित शिकवणाऱ्या अनेक पिढ्या होऊन गेल्या. त्यांच्या प्रयोगवह्या, परदेशातील सहकाऱ्यांशी झालेला पत्रव्यवहार, उपकरणांच्या मागणीचे अर्ज, अभ्यासक्रमांचे कच्चे मसुदे आणि विद्यार्थ्यांची पत्रे निवृत्तीनंतर माळ्यावर जातात आणि घर बदलताना रद्दीत. विभागप्रमुखांनी निवृत्त होणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याकडे ही कागदपत्रे मागावीत, त्यांची यादी करावी आणि ग्रंथालयात एक कोरडी, बंदिस्त खोली त्यांच्यासाठी राखावी. कुटुंबीयांनी विकण्याआधी एकदा विद्यापीठाला विचारावे. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी अशी एखादी पेटी असेल, तर ती आजच उघडून पाहावी आणि जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथपालाशी बोलावे.